उतरावयाचे कोठे?

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात सर्वांआधी निघणारा प्रश्न 'उतरावयाचे कोठे?' हाच असतो. मुलांची शाळा, दूधवाला, बाजार, शेजार हे सारे मागाहून सुचते. त्यातून शहर मोठे असले, ते आपण पूर्वी पाहिलेले नसले आणि दिवस हिवाळ्याचे असले, म्हणजे या प्रश्नाला चांगलीच धार येते. पहाटेच्या गाडीने उतरावे, धुक्यात दिवे मिणमिणत असावेत, हमालाने ट्रंक आणि वळकटी डोक्यावर चढवून आपल्या तोंडाकडे पाहत उभे राहावे, आणि आपल्याला उत्तर सुचू नये, हा अनुभव महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या बहुतेकांच्या गाठी असेल. त्या क्षणी आपण दोनच गोष्टींचा विचार करतो: भाडे किती आणि ऊन पाणी मिळेल की नाही. परंतु आपण जेथे उतरतो तेथूनच ते शहर आपल्याला प्रथम दिसते, आणि पुष्कळदा पुढेही तसेच दिसत राहते, ही गोष्ट तेव्हा लक्षात येत नाही.

इतिहासकार अशा प्रश्नांची दखल सहसा घेत नाहीत. कोण कोठे भेटला, काय बोलला हे ते लिहितात. पण रात्री तो कोणत्या छपराखाली निजला याची नोंद क्वचितच सापडते. सुदैवाने एका प्रवाशाने आपल्या आत्मकथेत ही नोंद मोठ्या प्रामाणिकपणे करून ठेविली आहे. ते प्रवासी म्हणजे महात्मा गांधी, शहर कलकत्ता, आणि काळ १८९६ ते १९०२. या हकीकतीत एका मराठी बिऱ्हाडाचा जो वाटा आहे, त्याची आठवण आपण परप्रांती राहणाऱ्यांनी विशेष ठेवावी असे वाटते.

प्रथम त्या काळच्या कलकत्त्याची कल्पना केली पाहिजे. १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात राजधानी हलविण्याची घोषणा होईपर्यंत हिंदुस्थानचा कारभार कलकत्त्याहून चाले. १८६४ पासून सरकार उन्हाळ्यात सिमल्यास जाऊ लागले; तेव्हा खरी राजधानी हिवाळ्यापुरतीच कलकत्त्यास नांदे. थंडी पडू लागली की व्हाइसरॉय, त्यांचे सल्लागार, कायदेमंडळाचे सभासद, संस्थानिक, व्यापारी आणि अर्जदार यांची तेथे दाटी होई. या पाहुण्यांसाठी साहेबी पद्धतीची हॉटेले निघाली होती. स्पेन्सेस हॉटेल १८३० साली उघडले. त्यानंतर दहाएक वर्षांनी डेव्हिड विल्सन नावाच्या पावरोटीवाल्याने तत्कालीन गव्हर्नर जनरलच्या नावावरून 'ऑकलंड हॉटेल' काढले. तेच पुढे 'ग्रेट ईस्टर्न' या नावाने प्रसिद्धीस आले. पैसे मोजून परक्याच्या घरी राहावे ही कल्पना आपल्याकडे तेव्हा नवीच होती. आपला प्रवासी धर्मशाळेत उतरे, क्षेत्री पंड्याकडे उतरे, नाहीतर जातभाईचे अथवा गाववाल्याचे घर शोधीत जाई. जात, भाषा, देव यांपैकी काहीतरी ओळखीचे असल्यावाचून दार उघडत नसे. हॉटेलात मात्र ओळखीवाचून खोली मिळे. त्या सोयीचे मोल काय होते ते गांधीजींना लवकरच कळले.

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी देशात मांडण्यासाठी ते १८९६ साली हिंदुस्थानात आले होते. जुलै महिन्यात त्यांची बोट कलकत्त्यासच लागली होती. परंतु त्याच दिवशी आगगाडी पकडून ते पुढे निघाले, म्हणजे शहर असे पाहिलेच नाही. मग मुंबई, पुणे, मद्रास असा दौरा झाला. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गोपाळराव गोखल्यांची पहिली भेट झाली ती याच दौऱ्यात. हिवाळा सुरू होण्याच्या सुमारास ते कलकत्त्यास पोचले. तेथे ओळखीचे कोणीच नव्हते; तेव्हा त्यांनी ग्रेट ईस्टर्न हॉटेलात खोली घेतली. वयाने सत्तावीस वर्षांच्या, विलायतेत शिकलेल्या बॅरिस्टराला हे साजेसेच होते.

त्या हॉटेलात त्यांची 'डेली टेलिग्राफ' पत्राच्या एलरथॉर्प नावाच्या प्रतिनिधीशी ओळख झाली. हे गृहस्थ बेंगॉल क्लबात राहत असत. त्यांनी गांधीजींना तेथे आमंत्रण दिले. तेथे गेल्यावर समजले की हिंदी माणसाला क्लबाच्या दिवाणखान्यात नेता येत नाही! बिचारे एलरथॉर्प ओशाळले, गांधीजींना आपल्या खोलीत घेऊन गेले आणि आपल्या देशबांधवांच्या या वागणुकीबद्दल त्यांनी दिलगिरी दर्शविली. आफ्रिकेतील अशाच बंद दारांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला स्वदेशाच्या राजधानीत हे दार बंद दिसावे, ही गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. शहरातही त्यांना फारसा थारा मिळाला नाही. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी सहानुभूती दाखविली, पण लोक या प्रश्नात लक्ष घालतील असा भरवसा दिला नाही. एका देशी पत्राच्या कचेरीत तर तासभर ताटकळावे लागले. मदत केली ती 'इंग्लिशमन'चे संपादक साँडर्स यांनी. हॉटेलातून दिसणारे कलकत्ता हे असे होते. इंग्रजांशी ओळख होई, त्यांतला एखादा सज्जनही निघे. पण बंगाल्याच्या ओसरीवर पाऊल पडत नसे. इतक्यात दरबानहून परत बोलावणारी तार आली आणि मुक्काम आटोपता घ्यावा लागला.

पाच वर्षांनी, १९०१ च्या डिसेंबरात, ते काँग्रेसच्या अधिवेशनासाठी पुन्हा कलकत्त्यास आले. अध्यक्ष होते दिनशा वाच्छा. या वेळी उतरण्याची निवड करावयाचीच नव्हती, कारण प्रतिनिधींची सोय रिपन कॉलेजात केलेली होती. त्यांच्याच भागात लोकमान्य टिळकही उतरले होते. लोकमान्य जेथे असत तेथे माणसांचा दरबार भरल्यावाचून राहत नसे. बिछान्यावर बसून आलेल्यांशी बोलणारे टिळक गांधीजींच्या स्मरणात चित्रासारखे कोरले गेले. परंतु त्याच इमारतीत संडासांची दुर्दशा झाली होती, आणि स्वयंसेवकांना विचारता ते काम भंग्याचे असे उत्तर मिळाले. तेव्हा गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि आपल्यापुरती जागा साफ केली. देशाचे पुढारीपण आणि देशाची घाण ही दोन्ही एकाच छपराखाली पाहावयास मिळाली. ग्रेट ईस्टर्नमध्ये राहून यांतले काहीच दिसले नसते.

अधिवेशन संपले, पण आफ्रिकेच्या कामासाठी आणखी महिनाभर राहणे त्यांना जरूर वाटले. येथे मात्र निवडीचा प्रश्न उभा राहिला, आणि तो त्यांनी विचारपूर्वक सोडविला. हॉटेलात न जाता खटपट करून शिफारस मिळविली व इंडिया क्लबात खोली घेतली. तेथे प्रमुख हिंदी गृहस्थांची ये-जा असे, त्यांच्याशी परिचय होईल हा हेतू. त्याच दिवसांत लॉर्ड कर्झनचा दरबार झाला. क्लबात उतरलेले काही राजेमहाराजे एरवी सुंदर बंगाली धोतर, सदरा आणि उपरणे अशा पोषाखात दिसत. दरबाराच्या दिवशी त्यांनीच खानसाम्याला शोभतील अशा विजारी आणि चकचकीत बूट चढविलेले गांधीजींनी पाहिले. या दृश्याने त्यांना फार दुःख झाले. क्लबातील मुक्कामाची एवढी शिकवणही पुरे होती. पण त्या क्लबात बिलियर्ड खेळण्यासाठी अधूनमधून गोखले येत असत.

गोखले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. वरिष्ठ कायदेमंडळात ते नव्यानेच दाखल झाले होते. अंदाजपत्रकावरचे त्यांचे गाजलेले पहिले भाषण २६ मार्च १९०२ चे. हिवाळ्यातील बैठकींसाठी त्यांनी कलकत्त्यास बिऱ्हाड केले होते. म्हणजे आपल्यासारखाच कामानिमित्त परमुलखात येऊन राहिलेला हा एक मराठी गृहस्थ. गांधीजी क्लबात आहेत हे कळताच त्यांनी घरी राहावयास येण्याचा आग्रह केला. गांधीजींनी आमंत्रण स्वीकारले खरे, परंतु संकोचाने आपण होऊन गेले नाहीत. दोनएक दिवस वाट पाहून गोखले स्वतःच आले आणि त्यांना घेऊन गेले. या देशात राहावयाचे असेल तर असा बुजरेपणा कामाचा नाही, माणसांत मिसळले पाहिजे, असे त्यांनी प्रेमाने बजावले. मुक्काम महिनाभर झाला, आणि धाकट्या भावाला वागवावे तसे गोखल्यांनी त्यांना वागविले.

या एका महिन्यात जे कलकत्ता दिसले ते मागील दोन्ही वेळांपेक्षा निराळे होते. शेजारी राहणारे प्रफुल्लचंद्र रे वरचेवर येत. आठशे रुपये पगारातून स्वतःसाठी चाळीस ठेवून उरलेले लोककार्यास देणारा हा रसायनशास्त्रज्ञ म्हणून गोखल्यांनी त्यांची ओळख करून दिली. मतभेदही झाले. गोखले घोड्यांची गाडी वापरतात, ट्रामने का जात नाहीत, असे पाहुण्याने यजमानाला सरळ विचारले! गोखल्यांना थोडे लागले असावे. परंतु प्रसिद्ध झालेल्या माणसाला ट्रामने हिंडणे किती कठीण होते हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. जानेवारीत न्यायमूर्ती रानड्यांच्या स्मरणाचा दिवस आला. रानड्यांना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्या दिवशी गोखल्यांच्या घरी सभामंडप नव्हता की हारतुरे नव्हते. प्रोफेसर काथवटे, एक सबजज्ज आणि गांधीजी एवढ्यांच्या बैठकीत गोखल्यांनी रानड्यांच्या आठवणी सांगितल्या. ओघात तेलंग आणि मंडलिक यांच्याही गोष्टी निघाल्या. पुण्यापासून शेकडो कोस दूर, परक्या शहरातील हिवाळ्यात, चार माणसे आपल्या गुरूची आठवण काढीत बसली आहेत, हे चित्र आपल्यापैकी कोणाच्या ओळखीचे नाही?

निरोपाची वेळ आली तेव्हा गांधीजींनी तिसऱ्या वर्गाने प्रवास करण्याचे ठरविले. बारा आण्यांची किंतानी पिशवी, छायेच्या लोकरीचा लांब कोट, एक कांबळे आणि पाण्याचा लोटा एवढीच तयारी. गोखल्यांनी लाडू आणि पुऱ्यांनी भरलेला डबा बरोबर दिला. ते आणि रे स्टेशनवर पोचवावयास गेले. पहिल्या वर्गाने जाणार असतास तर आलो नसतो, आता मात्र येणे भागच होते, असे गोखले म्हणाले. रेशमी पागोटे, कोट आणि धोतर अशा वेषातील गोखल्यांना कोणी अडविले नाही. बंगाली वेषातील रे यांना मात्र तिकीट तपासनिसाने फलाटाच्या दाराशीच थांबविले. गोखल्यांनी 'हे माझे मित्र' म्हणून सांगितले तेव्हा त्यांना आत सोडले. बंगालच्या राजधानीत बंगाली विद्वानासाठी मराठी पागोट्याने रदबदली करावी, हा योग मोठा विलक्षण खरा. पुढे काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर असा एकेक दिवसाचा मुक्काम करीत गांधीजी राजकोटास गेले. पालनपूर सोडले तर सर्वत्र ते धर्मशाळेत किंवा पंड्याकडे उतरले, आणि साऱ्या प्रवासाचा खर्च गाडीभाड्यासह एकतीस रुपयांच्या वर गेला नाही. ग्रेट ईस्टर्नपासून धर्मशाळेपर्यंतची ही वाट गोखल्यांच्या घरावरून गेली.

कलकत्ता आणि मराठी माणूस यांच्या संबंधाची एक जुनी खूणही येथे सांगितली पाहिजे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा शहराच्या रक्षणासाठी रहिवाशांनी खंदक खणावयास घेतला. तोच 'मराठा डिच'. सात मैलांचा बेत होता. तीनएक मैल खणून झाले, मराठे आले नाहीत, आणि काम थांबले. १७९९ साली त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढण्यात आला. बंगाली आया मुलांना निजविताना बर्ग्यांची भीती घालीत, ती मात्र बुजली नाही. ज्या रेबाबूंच्या शेजारी गोखले राहत, त्यांनी आपल्या 'बेंगॉल केमिकल'चा आरंभ १८९२ साली केला तो याच रस्त्याच्या उत्तर भागात, अपर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या घरात. ज्या शहराने मराठ्यांना अडविण्यासाठी खंदक खणला, त्याच शहरात एका मराठी माणसाने आपले दार उघडे ठेवावे, आणि त्या दाराने एका गुजराती पाहुण्याला बंगाल दिसावा, यापेक्षा त्या खंदकाची चांगली भरपाई कोणती?

हे ऋण एकतर्फी राहिले नाही. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा यजमान गांधीजी होते. जोहान्सबर्गला मेजवानीस जाण्यापूर्वी, रानड्यांनी दिलेले आणि जिवापाड जपलेले उपरणे चुरगळले आहे असे गोखल्यांच्या लक्षात आले. ते गांधीजींनी स्वतः इस्त्री करून दिले. वकिलाच्या हाती उपरणे सोपविताना गोखले थोडे कचरलेच. पण काम पाहून त्यांनी शाबासकी दिली.

स्पेन्सेस हॉटेल आता राहिलेले नाही. ग्रेट ईस्टर्न पुष्कळ हस्तांतरे सोसून २०१३ साली नव्या मालकांच्या नावासह पुन्हा उघडले. उतरण्याच्या जागा आता सर्वत्र विपुल झाल्या आहेत, आणि कोणाच्या उपकाराखाली न राहता खोली घेणे यात कमीपणा मुळीच नाही. ओळखपाळख न विचारणारे दार ही देखील माणसाची मोठीच सोय आहे. परंतु आपण ज्या शहरी आज स्थिरावलो आहोत तेथे कोणी नवखा, मराठी असो वा नसो, हिवाळ्याच्या पहाटे उतरणार असल्याचे कळले, तर हॉटेलाचा पत्ता सांगून मोकळे होण्याआधी गोखल्यांची आठवण करावी. आमंत्रण देऊन ते स्वस्थ बसले नव्हते. पाहुणा संकोचाने येत नाही असे दिसताच ते उठून त्याला आणावयास गेले होते.