विवृत अस्थिभंग : पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया
मोडलेल्या हाडाचा जखमेतून बाहेरच्या वातावरणाशी संबंध आला की त्यास विवृत अस्थिभंग म्हणतात. नडगीच्या हाडाची आतली बाजू जवळजवळ कातडीखालीच असल्याने ही इजा तेथे अधिक होते. रस्ते अपघात हे याचे नेहमीचे कारण. उदाहरणार्थ, कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राजाराम साखर कारखाना आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि दुचाक्या एकाच रस्त्यावर असतात, त्यामुळे अशा अपघातांचा धोका वाढतो. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) आणि बावड्यातील डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे कदमवाडीतील रुग्णालय ही परिसरातील मोठी रुग्णालये.

गस्टिलो-अँडरसन वर्गीकरणात (१९७६) तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. पाय ठेवायचा की कापायचा, यासाठी कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलची, इजेची तीव्रता मोजणारी गुणपद्धती भारतीय अनुभवातून घडली आहे: १४ वा कमी गुण असल्यास पाय वाचवण्याचा प्रयत्न, १७ वा अधिक असल्यास बहुधा विच्छेदन, मधल्या गुणांवर निर्णय अनुभवी शल्यचिकित्सकाचा.

प्रतिजैविके शक्यतो तासाभरात द्यावीत. मृत ऊती निर्दयपणे काढणे हा उपचाराचा कणा होय. येथे हात आखडला तर जंतुसंसर्गाचा धोका खूप वाढतो. नंतर बाह्य स्थिरक (हाड बाहेरून स्थिर धरणारी चौकट), रक्तवाहिनीची दुरुस्ती आणि पोटरीच्या स्नायूचे वा दुसरीकडून आणलेल्या ऊतींचे आच्छादन. हाडाचा तुकडा गमावल्यास पायाभोवती बसवलेल्या इलिझारोव्ह कड्यांनी रोज सुमारे १ मिलिमीटर नवे हाड वाढवतात. बरे होण्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. तंबाखू सोडणे, घोट्याचे व्यायाम आणि कुटुंबाचा आधार हे उपचाराचेच भाग आहेत. काहींना मात्र उत्तम कृत्रिम पायानेच लवकर कामावर परतता येते.