नाव काय ठेवलं बाप्पा?

स्मरणिका समितीनं मला ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितलं होतं. पण बोअरवेल, लिफ्ट आणि पार्किंगच्या भांडणांचा इतिहास आपल्या सचिवांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. म्हणून मी दुसरा विषय घेतला. जिन्याखालच्या कपाटात गणेशोत्सवाच्या स्पर्धांच्या जुन्या याद्या सापडल्या. पहिल्या वर्षीच्या संगीत खुर्चीच्या यादीत तीन आदित्य, दोन शुभम आणि दोन साक्षी आहेत. आठवतं का? आदित्य मोठा, आदित्य छोटा आणि आदित्य चष्मेवाला अशा हाका ग्राउंडभर ऐकू यायच्या. त्यातला चष्मेवाला आमच्या घरचा.

गेल्या वर्षीच्या यादीत मात्र एकही नाव दोनदा नाही. विहान, रेयांश, अद्विका, मायरा. बक्षीस समारंभात नावं वाचणाऱ्या काकू दर दोन नावांनंतर पाणी पीत होत्या. जुन्या सभासदांत यावर हशा होतो, ‘आमच्या वेळी कशी साधी नावं होती’ असं म्हटलं जातं. मीही म्हणायचो. पण आमच्या वेळची नावं खरंच साधी होती का, आणि ती कोण निवडत होतं, हे जरा खणून पाहिलं तर तो हशा तितकासा सोपा राहत नाही.

सुरुवात माझ्या आजीपासून करतो. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते कागदावर पाहायला आवडत नसे. एवढंच सांगतो, की त्या नावाचा अर्थ रोज सकाळी केरसुणीनं गोळा होतो आणि सुपलीत भरून बाहेर टाकतात. भंडारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात त्या नावाच्या आणखी दोघी होत्या. म्हणजे त्या काळचं ते अगदी ‘पॉप्युलर’ नाव!

अशी नावं का ठेवत, याचं एक उत्तर आपल्याला ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास बाळं पहिल्या वर्षातच जात. आधीची दोन गेली, की तिसऱ्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लावणाऱ्याला वाटावं, हे काही न्यायच्या लायकीचं नाही. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू, उकिरडा. आपल्याकडे विदर्भात नथ्थू फार. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे मुलगी समजून सटवी-बिटवी पुढच्या घरी जाईल. यात जातपात नव्हती. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवलेले आणि १०४ वर्षं जगलेले महर्षी कर्वे, त्यांचं नाव धोंडो केशव. म्हणजे दगड. हे नाव भीतीतून आलेलं, आणि म्हणून मायेतूनही.

पण दुसरं उत्तरही आहे, आणि ते तितकं मायेचं नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत याचे नियम दिले आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं, आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असं. (मुलींचं नाव गोड, आणि शेवटचं अक्षर दीर्घ असावं, हाही नियम तिथेच आहे. आपल्या इमारतीतल्या मुलींची नावं म्हणून पाहा. एक-दोन सोडल्या तर सगळ्या अजून तो पाळतात.) २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला, त्यामागच्या अनेक कारणांमध्ये हा एक छोटा श्लोकही धरायला हवा. आता खेड्यातल्या कोणी मनुस्मृती उघडून नावं ठेवली असतील असं मला वाटत नाही. पण तिथे चांगलं नावही हाक मारताना मोडलं जाई. पाटलाघरचा गोविंद तो गोविंदराव, आणि आमच्याकडचा गोविंदा तो आयुष्यभर गोविंद्या.

मग आजीचं नाव कुठलं? तिच्या आधी दोन भाऊ गेले होते, म्हणून आईनं ठेवलं, असं ती सांगायची. पण गावातले लोक ते नाव ज्या सुरात घ्यायचे, तो सूर तिच्या आईचा नव्हता. दोन्ही खरं असावं.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. आजी, आजोबा आणि सोळा वर्षांचे माझे बाबा पांढरे कपडे घालून नागपूरला आले. पांढरे कपडे घालून या, असा निरोप होता. आजीकडे पांढरं लुगडं नव्हतं, तिनं शेजारणीचं मागून आणलं. लाखो माणसं त्या दिवशी आपल्या गावात होती. दीक्षाभूमीच्या त्या मैदानाबद्दल मी वेगळं काय सांगणार, आपण सगळे तिथल्या गर्दीतून दरवर्षी गाडी वळवून नेतो. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं हे सांगितलं. नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला, ते इथले, आणि इथली नदीही नाग. शहराचं नावच त्यांनी साक्षीला काढलं होतं.

पुढच्या वर्षी आजीला मुलगी झाली. बुद्धाला खीर देणाऱ्या मुलीचं नाव तिला ठेवलं, सुजाता. त्या गावात ते नाव आधी कोणी ऐकलेलं नव्हतं. आजच्या भाषेत सांगायचं तर फारच ‘युनिक’. तेव्हाच्या घराघरांत हेच चालू होतं. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, नागसेन, यशोधरा, संघमित्रा, विशाखा, प्रज्ञा, करुणा. पाली कोणाला येत नव्हती. नावं आली ती भाषणांतून, शाहीर-कव्वालांच्या गाण्यांतून, आणि काही बाबासाहेबांनी आधीच दारावर लिहून ठेवली होती. त्यांच्या संस्थेचं मुंबईतलं कॉलेज १९४६ चं, नाव सिद्धार्थ. औरंगाबादला १९५० साली सुरू झालेल्या कॉलेजला पुढे मिलिंद नाव दिलं. कॉलेजची नावं पाळण्यात गेली, असं दुसरीकडे कुठे झालं असेल तर मला कळवा.

घरात आजीचा एक कायदा होता. कोणाचंही नाव मोडायचं नाही. सुजाता म्हणजे सुजाता, सुजी नाही, सुजे तर नाहीच. “माया लेकीचं नाव पुरं घ्या,” असं ती शाळेतल्या गुरुजींनाही सांगून आली होती. स्वतःचं नाव कोणी विचारलं, तर ती सांगायची, “सुजाताची माय.” रेशन कार्डावर मात्र जुनंच राहिलं.

माझा जन्म १९६५ चा. बारशाला कानात नाव सांगायला आत्या हवी, आणि आत्या होती आठ वर्षांची. तिनं पाळण्यात वाकून ‘मिलिंद’ म्हटलं आणि सगळे हसले म्हणून रडली, असं सांगतात. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबाच्या बाजूला राज्य करणारा, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून विचारून दमवणारा. नागपूरच्या माझ्या शाळेत वर्गात आम्ही तीन मिलिंद होतो. मला वाटायचं तिघंही राजे. एकदा त्यातल्या एकाच्या घरी जेवायला गेलो तेव्हा त्याच्या आजीनं सांगितलं, मिलिंद म्हणजे भुंगा! संस्कृतात तोही अर्थ आहे आणि तो बरोबर आहे. हजेरीपटावर एकच नाव, पण त्याच्या घरी ते कमळाजवळून आलेलं आणि माझ्या घरी दीक्षाभूमीवरून. तिसऱ्याला कशावरून ठेवलं ते त्यालाही माहीत नव्हतं. बहुतेक नावं अशीच पसरतात. राहुलचंच पाहा. सिद्धार्थानं घर सोडायच्या सुमारास झालेल्या मुलाचं नाव, अर्थ बेडी. केदारनाथ पांडे १९३० साली बौद्ध भिक्खू झाले तेव्हा त्यांनी ते घेतलं आणि राहुल सांकृत्यायन झाले. पुढे १९९० नंतर शाहरुख खान एकामागून एक सिनेमांत राहुल होत गेला आणि नाव गल्लोगल्ली पोचलं. सचिनचंही तसंच. रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं, आणि नंतर त्या मुलावरून हजारो घरांत सचिन झाले, ज्यांच्या आईबापांना बर्मनदांशी काही देणंघेणं नव्हतं.

१९९२ साली नवं लग्न झालेलं, आम्ही शहरात खोली शोधत होतो. एका घरमालकांनी चहा दिला, नाव विचारलं. “मिलिंद. वा, छान. पुढे?” पुढचं सांगितलं. मग त्यांना आठवलं, की खोली कालच दुसऱ्या कोणाला देऊन झाली आहे. चहा संपवून आलो. दोन वर्षांनी मुलगा झाला आणि आम्ही त्याचं नाव आदित्य ठेवलं. सगळेच ठेवत होते. पण खरं सांगायचं तर नावावरून काही कळू नये, हेही मनात होतं. गर्दीतलं नाव म्हणजे गर्दीत उभं राहायची सोय. आजी तेव्हा होती. तिनं अर्थ विचारला, सूर्य म्हटल्यावर मान हलवली, आणि शेवटपर्यंत त्याला आदी म्हटलं नाही.

त्यामुळे या इमारतीत पहिल्याच वर्षी नावांच्या पाटीवरून सभेत झालेला वाद मला चांगला लक्षात आहे. मराठी की इंग्रजी, आद्याक्षरं की पूर्ण नाव, यावर दोन तास गेले. शेवटी पाटीवाल्यानं अक्षरामागे दर सांगितला आणि ठराव झाला, फक्त पहिलं नाव आणि फ्लॅट नंबर. पैसे वाचवायला झालेला तो ठराव. मी मात्र त्या रात्री घरी जाऊन बायकोला बासुंदी करायला सांगितली, कारण सांगितलं नाही.

नकोशा नावांचा काळ संपला असं मी समजत होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींची नावं एकाच कार्यक्रमात बदलली, तेव्हा पेपर हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. मुलगा हवा असताना आलेल्या मुली त्या. इथे दृष्टीची भीतीही नव्हती. मुलींनी आपापली नावं स्वतः निवडली. कोणी सिनेमातल्या नटीचं घेतलं, कोणी देवीचं. यात हसण्यासारखं काय आहे? पहिल्यांदा निवडायला मिळालं तर माणूस चमकणारंच नाव उचलणार.

आता आमच्या नातीचं. गेल्या वर्षी ती झाली आणि सूनबाईंनी लॅपटॉपवर तक्ताच केला. अट एकच, शाळेत दुसरी कोणी त्या नावाची नको. ‘रेयांश’सारख्या नावांचे अर्थ इंटरनेटवर छान दिलेले असतात, सूर्याचा अंश वगैरे, मी आपट्यांचा संस्कृत कोश काढून बसलो, तर सूर्य या अर्थाचा ‘रेय’ मला काही सापडला नाही. हे बोलून दाखवल्यापासून मला सल्लागार मंडळातून काढलं. त्याआधी मी ‘खेमा’ सुचवलं होतं, बुद्धाच्या काळच्या थोर भिक्खुणीचं नाव, दोनच अक्षरं. मुलगा म्हणाला, “बाबा, हिंदीत खेमा म्हणजे तंबू.” नागपुरात राहायचं तर हिंदीचा विचार करावाच लागतो.

फॉर्म भरताना मात्र मला बरं वाटलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं. सूनबाईंनी आपलं नाव दुसऱ्या जागी लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं. मला रेशन कार्डावरचं ते जुनं नाव आठवलं.

बारशाला सुजाता आत्या भंडाऱ्याहून आली, सदुसष्टीतली, काठी घेऊन. कानात नाव सांगायचा मान माझ्या मुलीचा, बाळाच्या आत्याचा. पण तिनंच मोठ्या आत्याला पुढे केलं. आत्यानं विचारलं, “घरात हिले हाक काय मारसान?” सूनबाई म्हणाल्या, “किटू.” आत्या काहीच बोलली नाही. तिनं नाव कागदावर लिहून मागितलं, चष्मा लावला. त्यात एक अवघड जोडाक्षर आहे (नाव सांगत नाही, दुसऱ्या कोणी उचलू नये असा घरून हुकूम आहे). खिडकीपाशी जाऊन तिनं ते तीन-चार वेळा पुटपुटून पाहिलं. एकदा अडखळली, परत म्हटलं. मग काठी माझ्याकडे दिली, पाळण्याचा दांडा धरला आणि खाली वाकली.

— मिलिंद, बी विंग