लिटररी डायजेस्ट मतचाचणी (१९३६)

लिटररी डायजेस्ट मतचाचणी ही अमेरिकेतील 'द लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी टपालाद्वारे घेतलेली जनमत चाचणी होय. चुकीच्या नमुना निवडीचे उदाहरण म्हणून संख्याशास्त्र व राज्यशास्त्राच्या अभ्यासात ती आजही शिकवली जाते.

== पार्श्वभूमी ==
१८९० साली सुरू झालेल्या या साप्ताहिकाने १९१६ पासूनच्या सलग पाच अध्यक्षीय निवडणुकांचे भाकीत अचूक वर्तवले होते. त्यामुळे त्याच्या चाचणीचा मोठा दबदबा होता. १९३६ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे विद्यमान अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासमोर कॅन्सस राज्याचे गव्हर्नर, रिपब्लिकन पक्षाचे आल्फ लँडन उभे होते. महामंदीची झळ अद्याप ओसरली नव्हती आणि रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' धोरणावरून सधन व कष्टकरी वर्गांची मते पूर्वी कधी नव्हती इतकी दुभंगली होती.

== चाचणी व निकाल ==
साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन निर्देशिका आणि मोटारगाड्यांच्या नोंदणी याद्यांमधून घेतलेले होते. सुमारे २३ लाख ७६ हजार मतपत्रिका परत आल्या. त्यांत लँडन यांना सुमारे १२ लाख ९३ हजार, तर रूझवेल्ट यांना ९ लाख ७२ हजार मते होती. म्हणजे या दोघांपुरते पाहिल्यास ५७ विरुद्ध ४३ टक्के. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मते मिळाली. लँडन यांनी मेन व व्हरमाँट ही दोनच राज्ये जिंकली आणि त्यांच्या वाट्याला ५३१ पैकी अवघी ८ निर्वाचक मते आली.

जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांच्या पाहणीवरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तवला होता. इतकेच नव्हे, तर डायजेस्टची चाचणी कोणता चुकीचा आकडा देईल हेही त्यांनी काही महिने आधीच जाहीर केले होते. गॅलप यांचा स्वतःचा अंदाजही सुमारे ५ टक्क्यांनी चुकला होता, ही बाब मात्र बहुधा सांगितली जात नाही.

== कारणमीमांसा ==
मंदीच्या काळात टेलिफोन व मोटार बाळगणारे लोक सुखवस्तू होते, म्हणून चाचणी फसली, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शिकागो शहरात नोंदणीकृत मतदारांपैकी दर तिसऱ्या मतदाराला मतपत्रिका धाडण्यात आली होती. म्हणजे तेथे टेलिफोन असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही परत आलेल्या मतपत्रिकांत लँडन पुढे होते आणि प्रत्यक्ष मतदानात शहराने रूझवेल्ट यांना भरघोस मताधिक्य दिले.

मॉरिस ब्रायसन यांनी १९७६ साली खरा दोष प्रतिसादातील असमतोलाचा असल्याचे प्रतिपादन केले. सत्ताधाऱ्यांवर रुष्ट असलेला मनुष्य मतपत्रिका आवर्जून भरून पाठवतो. समाधानी मनुष्य ती बाजूला ठेवतो. पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ साली, गॅलप संस्थेच्या १९३७ मधील एका पाहणीच्या आधारे, सदोष यादी व असमतोल प्रतिसाद ही दोन्ही कारणे एकत्र आल्याचे दाखवले. मोटार व टेलिफोन दोन्ही असलेल्यांतही रूझवेल्ट यांनाच बहुमत होते. मतपत्रिका मिळालेल्या सर्वांनी ती परत केली असती, तर किमान विजेता तरी बरोबर ठरला असता, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

== परिणाम ==
साप्ताहिकाची विश्वासार्हता लयाला गेली आणि १९३८ मध्ये ते बंद पडले. गॅलप यांची कीर्ती वाढली. तथापि १९४८ साली त्यांनीही थॉमस ड्यूई यांचा विजय वर्तवला आणि निवडून आले हॅरी ट्रुमन. गॅलप यांची भिस्त वय, लिंग, उत्पन्न अशा गटांनुसार ठरावीक संख्येने माणसे निवडण्याच्या कोटा पद्धतीवर होती. प्रत्यक्ष कोणाला प्रश्न विचारायचे हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडले जाई. शिवाय मतदानाच्या बरेच दिवस आधी चाचण्या थांबवल्यामुळे अखेरच्या टप्प्यातील मतांतर नोंदले गेले नाही. त्यानंतर संभाव्यतेवर आधारित नमुना निवडीकडे अमेरिकेतील चाचण्या वळल्या. भारतात १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा पायाही हेच तत्त्व आहे. वृत्तवाहिन्या व संकेतस्थळांवर प्रेक्षकांनी स्वतःहून नोंदवलेल्या लाखो मतांचे 'कौल' मात्र डायजेस्टच्याच वाटेने जातात.