१२ डिसेंबर : ‘संत तुकाराम’चे अमरावतीकर संगीतकार

१९३६ साली आजच्याच दिवशी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट लागला आणि वर्षभराहून अधिक काळ तिथून हलला नाही. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल आणि तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. संगीत देणारे केशवराव भोळे मात्र जन्माने अमरावतीचे, हे खुद्द वऱ्हाडातही फारसे कुणी सांगत नाही. सांगायला हवे.

वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून हा माणूस गाण्यात रमला. ‘एकलव्य’ या नावाने त्याने गायकांवर लिहिले. तुकोबांना भोळ्यांनी साध्या, भजनी वळणाच्या चाली दिल्या, तर तुकोबांचेच शब्द पळवणाऱ्या दांभिक सालोमालोच्या तोंडी चाली घातल्या त्या नखरेल. खरा कोण, खोटा कोण, हे कानालाच कळते! शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग तर इतका बेमालूम उतरला, की लोक तो गाथेत शोधू लागले.

चित्रपटाचे संगीत घरी ऐकायचे ते तबकडीवर. पुढे १९५९ च्या ‘बेन-हर’चे मिक्लोश रोझा यांचे ऑस्करविजेते संगीत व्हिनाइलच्या एलपीवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीवर, आले. तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटे मावत. ‘संत तुकाराम’ चित्रपटाच्या काळातली तबकडी मात्र लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. तीनेक मिनिटांत अभंग संपायचा. मग तबकडी उलटायची, चावी भरायची आणि सुई पुन्हा अलगद टेकवायची.