ऑटिझम असलेल्या मुलाला बूस्टर डोस द्यायचा का? समजून घ्या सोप्या भाषेत

माळशिरस तालुक्यातलं वेळापूर असो की पुणे शहर, माता व बाल संरक्षण कार्डावर बूस्टर डोसचे रकाने सारखेच असतात. पण मुलाला ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता असल्याचं निदान झालं, की हे रकाने रिकामे राहण्याची शक्यता वाढते. 'आधीच्या लशीनंतरच बोलणं थांबलं' ही शंका, व्हॉट्सॲपवर फिरणारा एखादा व्हिडिओ आणि सुई पाहून घाबरणारं मूल, अशी त्यामागची कारणं असतात. यातली भीती कुठली खरी, कुठली खोटी?

बूस्टर कोणते आणि कशासाठी?

सरकारी कार्यक्रमात १६ ते २४ महिन्यांच्या वयात गोवर-रुबेला (एमआर) लशीचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर दिला जातो. डीपीटीचा दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांच्या वयात असतो. १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची लस मिळते.

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्याविरुद्ध बाळपणी मिळालेलं संरक्षण काही वर्षांत कमी होतं. बूस्टर ते पुन्हा वाढवतो. गोवराचं गणित वेगळं आहे. नवव्या महिन्यातल्या डोसने १०० पैकी साधारण ८५ बाळांनाच संरक्षण मिळतं. दुसरा डोस उरलेल्यांसाठी असतो, पण ती मुलं कोणती हे बाहेरून कळत नाही.

लस आणि ऑटिझमचा संबंध कुठून जोडला गेला?

१९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा अवघ्या १२ मुलांवरचा लेख 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवला होता. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आलं.

२०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एमएमआर घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या प्रमाणात वाढ दिसली नाही. भावाला किंवा बहिणीला ऑटिझम असलेल्या मुलांमध्येही नाही.

मग पालकांना दिसतं ते काय? ऑटिझमची लक्षणं अनेकदा दीड-दोन वर्षांच्या वयात ठळक होतात. काही मुलांचं आलेलं बोलणं याच काळात मागे पडतं. बूस्टरचं वयही नेमकं तेच. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं होत नाही.

डॉक्टरांना काय सांगायलाच हवं?

ऑटिझम हे लस टाळण्याचं कारण नाही. पण पुढच्या गोष्टी आधी सांगा:

- आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली होती का
- डीपीटी घेतल्यावर सात दिवसांत मेंदूचा गंभीर त्रास झाला होता का
- मुलाला फिट येतात का, त्या औषधांनी आटोक्यात आहेत का
- रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू आहेत का

साध्या सर्दी-खोकल्यासाठी डोस पुढे ढकलायची गरज नसते.

डोस चुकवला तर?

अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ४ ते ६ वर्षांच्या वयातल्या सगळ्या लशी घेतलेल्या मुलांचं प्रमाण ऑटिझम नसलेल्यांमध्ये ९४ टक्के, तर ऑटिझम असलेल्यांमध्ये ८२ टक्के होतं. म्हणजे संरक्षण कमी पडतं ते याच मुलांना. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरातून गोवराचा उद्रेक पसरला, तेव्हा लस न घेतलेल्या मुलांना मोठा फटका बसला. ज्या मुलाला कुठे दुखतंय हे सांगता येत नाही, त्याच्यासाठी दवाखान्यातला मुक्काम आणखी कठीण जातो.

राहिलेला डोस नंतरही घेता येतो, सुरुवातीपासून सगळे डोस पुन्हा घ्यावे लागत नाहीत. मात्र सरकारी कार्यक्रमात एमआर पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी सात वर्षांपर्यंतच दिली जाते.

लसीच्या दिवशी काय करायचं?

- आशाताईंना किंवा सिस्टरना आधीच कल्पना द्या. गर्दी कमी असेल ती वेळ विचारून घ्या.
- कुठे जायचं, कोण भेटेल, सुई कुठे टोचणार, हे घरी फोटो किंवा चित्रं दाखवून सांगा. 'काहीच होणार नाही' असं खोटं सांगू नका. 'थोडं टोचेल, मग संपेल' म्हणा.
- आवडतं खेळणं सोबत ठेवा. आवाजाचा त्रास होत असेल तर कान झाकणारे हेडफोन घ्या.
- चार जणांनी दाबून धरण्यापेक्षा आई-बाबांनी मांडीवर घट्ट धरून बसणं बरं.
- टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवस ताप, सूज, खाणं आणि झोप यावर लक्ष ठेवा. एमआरनंतरचा ताप आठवडाभराने, म्हणजे साधारण ५ ते १२ दिवसांतही येऊ शकतो. मूल बोलत नसेल, तर चिडचिड किंवा हात न हलवणं ही त्याची दुखल्याची खूण असू शकते. तापाच्या औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, ते केंद्रातून निघण्याआधीच विचारून घ्या. फिट आली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट १०८ वर फोन करा.