अँफिऑक्सस आणि पृष्ठवंशींची वंशावळ

इ. स. १७७४ मध्ये पॅलास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने कॉर्नवॉलहून आलेल्या एका लहानशा चपट्या प्राण्याचे वर्णन केले व त्याची गणना बिनशंखी गोगलगायींत केली. पुढे साठ वर्षे त्या प्राण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८३४ मध्ये नेपल्स येथील कोस्टा याने त्याचे पृष्ठवंशींशी असलेले साम्य ओळखले. मात्र मुखाभोवतीचे तंतू म्हणजेच कल्ले, अशा समजुतीने त्याने त्यास ‘ब्रँकिओस्टोमा’ हे नाव दिले. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र अग्रक्रमाच्या नियमाने टिकले. १८३६ मध्ये यॅरेल याने दिलेले ‘अँफिऑक्सस’, म्हणजे दोन्ही टोकांस अणकुचीदार, हे नाव आता केवळ रूढीने चालते.

ॲसिडियनांची कथा याहून विलक्षण आहे. खडकाला चिकटून पाणी गाळीत बसणाऱ्या या पिशवीसारख्या प्राण्यांना दीर्घकाळ मृदुकाय प्राण्यांच्या पंक्तीत स्थान होते. १८६६ मध्ये कोवालेव्हस्की या रशियन भ्रूणशास्त्रज्ञाने त्यांच्या पोहणाऱ्या डिंभाच्या शेपटीत पृष्ठरज्जू व त्याच्या वरच्या बाजूस पोकळ मज्जारज्जू दाखवून दिला. डिंभ खडकाला चिकटला की शेपटी व पृष्ठरज्जू दोन्ही नाहीसे होतात. प्रौढ प्राण्याच्या विच्छेदनातून हे नाते कधीच उघड झाले नसते. पुढच्याच वर्षी त्याने अँफिऑक्ससच्या विकासाचे वर्णन प्रसिद्ध केले.

डार्विनने १८७१ च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये या शोधाचा तत्काळ उपयोग केला. ॲसिडियन-डिंभासारख्या पूर्वजांपासून दोन शाखा फुटल्या असाव्यात. एकीची अवनती होऊन आजचे ॲसिडियन झाले व दुसरीतून पृष्ठवंशी उदयास आले, असे त्याने सुचविले. पुढील पाठ्यपुस्तकांनी मात्र बहुधा सोपानाची मांडणी पसंत केली: खाली ॲसिडियन, मध्ये अँफिऑक्सस, वर मासे. तिला आधार नव्हता असे नाही. अँफिऑक्ससचे स्नायू माशांप्रमाणे खंडित असतात आणि त्याचा पृष्ठरज्जू आयुष्यभर टिकतो. ॲसिडियनांत खंडितपणाचा मागमूस नाही. परंतु एखादे लक्षण नसणे म्हणजे ते पूर्वी कधीच नव्हते, हे अनुमान त्यात नकळत शिरले होते.

२००६ मध्ये देल्स्युक व सहकाऱ्यांनी अनेक जनुकांची तुलना करून पृष्ठवंशींचे सर्वांत जवळचे जिवंत आप्त अँफिऑक्सस नसून ॲसिडियन व त्यांचे सजातीय होत, असा निष्कर्ष मांडला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँफिऑक्ससच्या जनुकसंचानेही त्यास पुष्टी दिली. म्हणजे रज्जुमानांच्या वृक्षावर अँफिऑक्ससची फांदी आधी फुटली, आणि ॲसिडियनांचा साधेपणा मूळचा नसून बव्हंशी ऱ्हासजन्य आहे. डार्विनची अवनत शाखा अशा रीतीने पुन्हा विचारार्थ पुढे आली.

तथापि यामुळे अँफिऑक्ससचे महत्त्व कमी झाले असे नाही. शरीराच्या पुढील-मागील भागांची आखणी करणारा हॉक्स जनुकांचा समूह त्याच्यात एकच असून तो अखंड आहे. मानवात असे चार समूह आहेत. उलट ‘सिओना’ या ॲसिडियनात तो समूह विस्कळित झाला असून त्यातील काही जनुके लुप्तही झाली आहेत. पृष्ठवंशींच्या जनुकसंचाचे मूळ स्वरूप शोधताना संशोधकांना या दूरच्या आप्ताकडेच वळावे लागते.