परीक्षा, निकाल आणि आपली शाळा

आपल्या कित्येक ज्ञातिबांधवांच्या घरी जुन्या पेटीत वाडवडिलांचे 'व्हर्नाक्युलर फायनल'चे प्रमाणपत्र जपून ठेवलेले सापडते. सातव्या इयत्तेची ही परीक्षा उतरलेल्यास शिक्षकाची वा तलाठ्याची जागा मिळू शके. साहजिकच गावोगावी तिचा दरारा मोठा. परंतु परीक्षेने पारख व्हावयाची ती मुलाची, शाळेची की मास्तरांची, हा वाद फार जुना आहे.

विलायतेत 1862 पासून शाळांचे अनुदान इन्स्पेक्टरने घेतलेल्या परीक्षेच्या निकालावर ठरू लागले. तीच रीत मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांना लागू झाली. 1882 साली हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बजावले की, ज्या गरीब लोकांत विद्येची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यात शिक्षणप्रसार करण्यास निकालावर पैसे देण्याची पद्धत योग्य नव्हे. अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून शिक्षकाचा चरितार्थ चालणार नाही. पुढे कर्झनसाहेबांच्या सरकारने 1904 च्या ठरावात ही पद्धत टाकून दिली. बावीस वर्षे गेली!

पद्धत गेली, वृत्ती मात्र राहिली. ओझरला 1964 साली मिग विमानांचा कारखाना आला आणि आमच्या गावाने आकाशात यंत्रयुग पाहिले. वर्गात मात्र खडू, फळा व निकालपत्रक हीच सामग्री. निकाल घसरला की खुलासा मास्तरांनी द्यावयाचा. मूल द्राक्षहंगामात आईबरोबर मळ्यावर होते, हे लिहिण्यास त्या कागदात रकानाच नसे.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबविले. 2015 पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात पायाभूत चाचण्या व डिजिटल शाळा आल्या. 2020 च्या मार्चमध्ये तर शाळाच बंद होऊन धडे मोबाईलवर गेले. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप कामावर! पडद्यावरचा धडा ज्याच्यापर्यंत पोहोचला नाही, त्याची चाचणी ती काय घ्यावयाची? 2023 मध्ये राज्याने पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण मुलास फेरपरीक्षा आहे. मधल्या दिवसांत त्याला शिकवावयाचे कोणी, हा खरा प्रश्न.

त्याच 2009 च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपल्या कुटुंबांपैकी कितीजण त्या सभांना जातात, याची मोजणी आपल्या संस्थेने येत्या वर्षी करावी, अशी आमची विनंती आहे.